टंच, तोळा आणि ऑटो-डेबिट

बापू बाजारात आठशेची मोजडी तीनशेला मागणारं गिऱ्हाईक आणि ती साडेतीनशेला देऊन वर ‘घाटे का सौदा है सा’ म्हणत कपाळाला हात लावणारा दुकानदार, या दोघांच्या आधारावर जयपूरची चारदीवारी, तटाच्या आतलं जुनं शहर, उभी आहे. भिंती आणि दरवाजे केवळ शोभेला. इथे एखाद्याने सांगितलेल्या किमतीला मुकाट्याने वस्तू घेतली, तर दुकानदाराला आनंद होत नाही. आपण आणखी दोनशे जास्त सांगायला हवे होते, या विचाराने त्याला रात्री झोप लागत नाही.

याच दुकानदाराच्या गल्ल्यासमोर एक दिवस बाविशीतला पोरगा येऊन उभा राहतो. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात टॅब्लेट. ‘सर, ओन्ली टू नाइंटी नाइन पर मंथ, प्लस जीएसटी.’ आणि पाच पिढ्यांच्या घासाघिशीचा वारस असलेला हा गृहस्थ निमूटपणे ओटीपी सांगून मोकळा होतो. ‘दोनशे नव्व्याण्णव कशाचे, दोनशे घ्या’ असं म्हणायचं त्याला सुचतसुद्धा नाही. समोर माणूस असेल तर भांडता येतं. पडद्यावरच्या आकड्याशी कोण भांडणार?

लहान धंद्यातला तंत्रज्ञानाचा खर्च हा विषय व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार गंभीरपणे मांडलेला असतो. तो खरा पाहायचा असेल तर चारदीवारीत यावं. १७२७ साली सवाई जयसिंगांनी हे शहर वसवलं आणि विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची आखणी केली. सरळ रस्ते, काटकोनात चौक आणि धंद्यागणिक गल्ली. मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, ठठेऱ्यांच्या रस्त्यावर तांब्या-पितळेची ठोकठोक, खजानेवालोंच्या रस्त्यावर संगमरवरी देवदेवता आणि जोहरी बाजाराला लागून गोपालजींच्या रस्त्यावर सोनं, चांदी, रत्नं. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून शहराला गेरूचा गुलाबी रंग दिला. एका पाहुण्यासाठी केलेला तो खर्च दीडशे वर्षं झाली तरी पाहुणे आणतोच आहे. जाहिरातीवर घातलेला पैसा असा वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. मुख्य बाजारांतल्या पाट्याही बहुतेक एकसारख्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. शेजाऱ्याने लखलखणारी पाटी लावली म्हणून आपणही लावायची, हा खर्च त्यामुळे आपोआप वाचतो. मात्र पाटीच्या आत, गल्ल्यावर काय काय लखलखावं, याला कसलाच धरबंध नाही.

आमच्या आईचे एक चुलतभाऊ गोपालजींच्या रस्त्यालगतच्या बोळात गलाईचं दुकान चालवतात. सांगली जिल्ह्यातला खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा दुष्काळी पट्टा; मामा मूळचे तिथले. पावसाने दगा दिला की तिथला माणूस मूस आणि चिमटा घेऊन देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यात जाऊन बसतो. जुनं सोनं-चांदी गाळून, शुद्ध करून देणारा माणूस भारतात कुठेही भेटला तरी त्याला ‘विट्यापासून किती लांब?’ असं खुशाल विचारावं. नेम सहसा चुकत नाही. जोहरी बाजारात मामांना ‘मराठाजी’ म्हणतात. ते गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतात, कामावरच्या पोराशी खानापुरी, आणि भट्टी नीट पेटली नाही की तिच्याशी जे बोलतात ते छापता येत नाही.

दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय आठची खोली. एका कोपऱ्यात भट्टी आणि तिला वारा घालणारा ब्लोअर, दुसऱ्या कोपऱ्यात तेजाबाच्या बरण्या, फळीवर ग्रॅफाइटच्या मुशी उतरत्या क्रमाने मांडलेल्या. भिंतीवर तुळजाभवानी. तिच्या शेजारी सीसीटीव्हीचा कॅमेरा, त्यामुळे नमस्कार नेमका कुणाला केला हे नव्या माणसाला कळत नाही. मामांच्या हातातून दिवसाला लाखोंचं सोनं जातं. पण ते लोकांचं. मामांच्या वाट्याला येते ती गलाईची मजुरी. यंत्र विकायला येणाऱ्याला मात्र मुशीतलं सोनंच दिसतं, आणि तो त्या सोन्याकडे पाहून दर सांगतो. लहान धंद्यातल्या सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. उलाढाल पाहून खर्च ठरवायचा नसतो, हातात उरतं त्यावरून ठरवायचा असतो.

काही वर्षांपूर्वी सराफ बाजारात टंच मशीनची लाट आली. सोन्यात शुद्ध किती आणि भेसळ किती, हे पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तेजाब लावून बघत. आता दागिना एका पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं, आतून क्ष-किरण सुटतात, आणि मिनिटाभरात पडद्यावर आकडे येतात. सोनं इतकं, चांदी इतकी, तांबं इतकं. दागिना कापायला नको, जाळायला नको. गिऱ्हाईक खूश, कारण दगडावरची रेघ त्याला वाचता येत नव्हती. छापील पावती वाचता येते.

मामांकडेही विक्रेता आला. सूट, टाय आणि बाहेर बेचाळीस डिग्री. त्याने मशीनचे गुण सांगितले ते मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग गल्ल्यातून एक पिवळं नाणं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

‘ये जरा देखो सा.’

पेटी बंद झाली, पेटी उघडली. पडद्यावर जवळजवळ चोवीस कॅरेट. विक्रेत्याने विजयी मुद्रेने मामांकडे पाहिलं. मामांनी नाण्याच्या कडेला कानस मारली. आत चांदी.

‘वरनं सोन्याचा जाड मुलामा हाय,’ मामा मला मराठीत म्हणाले. ‘हे मशीन कातडं बघतंय, हाडापत्तूर जात न्हाई.’

आणि ते अक्षरशः खरं आहे. हे किरण सोन्यात केसाच्या जाडीइतकेही खोल शिरत नाहीत. मशीन खोटं बोलत नव्हतं; विचारलं तेवढंच सांगत होतं. वाद झाला तर आजही शेवटचा शब्द अग्निपरीक्षेचाच. नमुना शिशाच्या पत्र्यात गुंडाळून तापवायचा, हिणकस धातू शिशाबरोबर निघून जातात, मग तेजाबात चांदी विरघळवायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. रामायणापासून चालत आलेली ही पद्धत आहे. तेव्हाही तिचा निकाल लोकांना पटला नव्हता, हा भाग वेगळा.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, मामा जुन्या वळणाचे, मशीनचे वैरी. तसं मुळीच नाही. त्यांनी विक्रेत्याला चहा पाजला, किंमत विचारली आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. धरून चाला, मशीन आठ लाखांचं. पाच वर्षं नीट चाललं तर महिन्याला साधारण तेरा हजार. देखभालीचा वार्षिक करार पन्नास हजारांचा, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून एसी, त्याचं नि मशीनचं वीजबिल अडीच हजार. एकूण वीस हजार. एका टंचाला गिऱ्हाईक पन्नास रुपये देणार, म्हणजे महिन्याला चारशे टंच हवेत. पंचवीस दिवस दुकान उघडं धरलं तर रोज सोळा.

‘माझ्याकडं दिवसाला किती येत्यात?’ मामांनी पोराला विचारलं.

‘सहा-सात, अण्णा.’

‘मग ह्ये मशीन मी घेत न्हाई, ह्ये मशीन मला घेतंय.’

त्यानंतर मामांनी जे केलं ते कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवावं असं आहे. त्यांनी समोरच्या गल्लीतल्या मशीनवाल्याशी दर ठरवून घेतला आणि आपल्याकडचे नमुने तिथे पाठवायला लागले. पोराला सांगितलं, नमुना पाठवलास की भिंतीवर खडूने एक रेघ मार. भट्टीच्या काजळीने काळी पडलेली भिंत. तिच्यावर पांढऱ्या रेघा रोज वाढत गेल्या. दिवसाला सोळाच्या वर रेघा पडायला लागल्या आणि सलग काही महिने पडत राहिल्या, तेव्हा मामांनी मशीन घेतलं. तोवर किंमतही उतरली होती आणि त्या विक्रेत्याचा टायही. दुसऱ्याचं यंत्र भाड्याने वापरायचं, वापर मोजायचा, आकडा पुढे गेला की आपलं घ्यायचं. या सगळ्या विश्लेषणाला लागलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एक खडू.

जयपुरात हा विचार नवा नाही. चारदीवारीच्या पोटातच जंतरमंतर आहे आणि ते बांधणारे सवाई जयसिंग हे यंत्रखरेदीतले फार चिकित्सक गिऱ्हाईक होते. ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला त्यांनी आधी त्या काळची प्रचलित पितळी यंत्रं वापरून पाहिली. अनुभव असा आला, की आकार लहान असल्याने बारीक अंश कोरता येत नाहीत, आस झिजतात, मध्य सरकतो आणि वेध चुकतात. आजच्या भाषेत तक्रार एवढीच, की माल डेमोत चांगला होता. मग त्यांनी दगडा-चुन्याची अवाढव्य यंत्रं उभी केली. त्यातलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे आणि सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. त्यात बॅटरी नाही, पासवर्ड नाही, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ असा निरोप नाही. ढग आले की मात्र सेवा खंडित होते. पण ती आपल्या क्लाउडवाल्यांचीही होतेच.

त्याहून मला आवडते ती त्यांची आयात माल तपासण्याची रीत. त्यांनी एका जेझुइट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगालला मंडळ पाठवलं. मंडळाने तिकडून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द ला हीर याची कोष्टकं आणली. परदेशी माल, राजाने स्वतः मागवलेला, सात समुद्र ओलांडून आलेला. दुसरा कुणी असता तर त्याने ती कोष्टकं मखरात ठेवली असती. जयसिंगांनी ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघते, असं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. विक्रेत्याच्या पत्रकातला आकडा आणि आपल्या अंगणातला आकडा वेगळा असू शकतो, हे अठराव्या शतकात कळलेला हा माणूस. आणि दगडी यंत्रांनाही देखभाल लागतेच. १९०१-०२ साली जंतरमंतरची मोठी डागडुजी करावी लागली. फुकट चालणारं यंत्र राजालाही मिळालं नाही, तिथे आपली काय कथा.

आता गल्ल्यावरच्या बोलक्या डब्याकडे वळू. रत्नांचा सौदा पूर्वी रुमालाखाली होत असे. विकणारा आणि घेणारा दोघे रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगत आणि शेजारी बसलेल्या दलालालाही भाव कळत नसे. संपूर्ण गुप्तता, खर्च एका रुमालाचा. त्याच बाजारात आता यूपीआयचा डबा बसला आहे आणि तो भर गल्लीत ठणाणा करतो, ‘पाँच हज़ार रुपये प्राप्त हुए.’ समोरच्याला कळतं, शेजाऱ्याला कळतं, उधारी मागायला आलेल्याला तर सगळ्यांत आधी कळतं. पैसे आत्ताच आलेत हे डब्यानेच जाहीर केल्यावर ‘धंदा मंदा है’ हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बरं, बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेण्यावर दुकानदाराला काही टक्केवारी द्यावी लागत नाही; जानेवारी २०२० पासून ती शून्यच आहे. भाडं आहे ते डब्याचं, महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आसपास. एक डबा असेल तर त्याची काही तक्रार नाही. गर्दीच्या वेळी पैसे आले की नाही हे मोबाइल न बघता कळतं, खोटा स्क्रीनशॉट दाखवून पसार होणारे पकडले जातात. पण मी एका बांगडीवाल्याकडे तीन डबे पाहिले, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. गिऱ्हाईक कुठल्याही ॲपमधून कुठल्याही क्यूआरवर पैसे देऊ शकतं, मग तीन कशाला, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘तीनों लड़के भले थे, मना नहीं कर पाया.’ त्यातला एक हिंदीत बोलतो, एक इंग्रजीत, तिसरा बिघडला आहे आणि भाडं फक्त त्याचंच नियमित जातं.

याच बाजारात एक जमात आहे, न्यारिये. मराठीत आपण झारेकरी म्हणतो. सोनारांच्या दुकानांतला, गल्ल्यांतला, गटाराच्या तोंडाशी साठलेला केर ते झाडून नेतात, परातीत धुतात आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढतात. मामा स्वतः दुकानातला केर फेकत नाहीत. संध्याकाळी झाडलेली धूळ पोत्यात जाते. भट्टीची राख, फुटलेल्या मुशींचे तुकडे, हात पुसायची फडकी, सगळं साठवून वर्षाकाठी जाळून-धुऊन त्यातला धातू काढला जातो. कारागिराने हात धुतलेलं पाणीसुद्धा इथे मोरीत थेट जात नाही, आधी पिंपात निवळतं. सोन्याची गळती थांबवण्याच्या कामात या बाजाराचा हात धरणारा दुसरा बाजार नाही.

आणि त्याच बाजारातल्या दुकानदाराच्या बँक खात्याला दर महिन्याला बारीक बारीक भोकं पडत असतात. बिलिंगच्या ॲपचं वर्षाचं नूतनीकरण. कॅमेऱ्याचं चित्रण ‘वर’ साठवण्याचं भाडं. ते चित्रण कुणी कधी पाहिलेलं नसतं. पुतण्याने कॉलेजात असताना बनवून दिलेल्या वेबसाइटचं डोमेन. त्या वेबसाइटवर अजून २०१७ च्या दिवाळीच्या शुभेच्छा आहेत. एसएमएसचा घाऊक पॅक. निरोप व्हॉट्सॲपवर जायला लागून जमाना झाला. मोबाइलमधल्या फोटोंच्या जागेचं मासिक भाडं; त्यात निम्मे फोटो ‘शुभ प्रभात’चे. सुनेने एक महिना फुकट म्हणून घेतलेलं डिझाइनचं ॲप. महिना संपला, ॲप विसरलं, कापणी चालू. एकेक रक्कम इतकी लहान, की भांडायला लाज वाटावी. सगळ्यांची बेरीज पोराच्या पगाराइतकी. पण ही धूळ कुणी परातीत घेत नाही.

यात भर पडते ती भीती विकणाऱ्यांची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच्याबरोबर सॉफ्टवेअरवाल्यांचा एक नवा संप्रदाय आला. ‘मराठाजी, ई-इनव्हॉइस नहीं निकाला तो नोटिस आएगा.’ आता ई-इनव्हॉइसची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना आहे. शिवाय गलाईवाल्याची उलाढाल म्हणजे त्याची मजुरी. गिऱ्हाइकाने गाळायला दिलेलं सोनं हे गिऱ्हाइकाचंच. त्या हिशेबाने मामांना पाच कोटी गाठायला आणखी काही जन्म घ्यावे लागतील. पण नोटीस हा शब्द कानावर पडला की चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मामांनी एवढंच केलं, की विक्रेत्याला बसवून ठेवलं आणि त्याच्या देखत आपल्या सीएला फोन लावला. सीएने अर्ध्या मिनिटात ‘नहीं चाहिए’ सांगितलं. सीएला वर्षाची फी द्यायची आणि सल्ला मात्र विकणाऱ्याचा घ्यायचा, ही चैन मामा करत नाहीत.

राजस्थानात आणखी एक गंमत आहे. तिथे मोठी भरती परीक्षा आली की पेपर फुटू नये म्हणून मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्याची पद्धत पडून गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत असंच झालं. परीक्षा पोरांची आणि नापास व्हायची पाळी दुकानदाराची. बिलं ‘वर’, साठा ‘वर’, उधारीची यादी ‘वर’, आणि वर जायचा जिनाच सरकारने काढून घेतलेला. अशा दिवशी मामा ड्रॉवरमधून कार्बनपेपर घातलेलं छापील बिलबुक काढतात. बुकाला फार तर शंभर रुपये पडत असतील. संध्याकाळी नेट आलं की पोरगा ती बिलं कॉम्प्युटरवर चढवतो. कुठलंही यंत्र घेताना हे बिलबुक किमतीत धरलंच पाहिजे. यंत्र बंद पडल्यावर आपण काय करणार, याचं उत्तर नसेल तर ते अजून आपल्याला परवडलेलं नाही.

मात्र खर्च टाळणं म्हणजे शहाणपण, असाही एक पंथ चारदीवारीत आहे आणि तो जास्त महागात पडतो. मामांच्या शेजारच्या एका दुकानदाराने हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘तोडलेलं’ घेतलं होतं. एका पोराने पेन ड्राइव्हवरून पाचशे रुपयांत टाकून दिलेलं. चार वर्षं झकास चाललं. पाचव्या वर्षी ऐन मार्चमध्ये कॉम्प्युटरने मान टाकली आणि वर्षभराची खाती गडप झाली. बॅकअप होता, त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवायची, यातला प्रकार. मग ते पोरगं शोधलं, ते दुबईला. एप्रिलभर तीन माणसं कच्च्या पावत्यांवरून वर्ष पुन्हा उभं करत बसली. त्यांना दिलेल्या पगारात अस्सल परवाना घेऊन वर पोळी-भाजी निघाली असती.

म्हणून मामांच्या दुकानात काही ठिकाणी हात आखडता नाही. तराजू उत्तम, आणि त्यावर दर वर्षी वजनमाप खात्याचा शिक्का, कारण मिलिग्रॅमची चूक म्हणजे रोजचा तोटा किंवा रोजचं पाप. यूपीएस दणकट, कारण मशीनवर नमुना असताना वीज गेली की टंच पुन्हा. हिशेबाचं सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलेलं. आणि दर शनिवारी पोरगा सगळा हिशेब एका पेन ड्राइव्हवर उतरवतो आणि तो पेन ड्राइव्ह तिजोरीत, सोन्याच्या लगडीशेजारी, जाडसर प्लास्टिकच्या पिशवीत जातो. लगड गिऱ्हाइकाची असते, पेन ड्राइव्ह मामांचा. ‘लगड गेली तर विमा हाय,’ ते म्हणतात, ‘हिशेब गेला तर कोण देतंय?’

वेबसाइट मात्र त्यांनी केली नाही. एकाने पंचेचाळीस हजारांत ‘गूगलच्या पहिल्या पानावर’ आणतो म्हणून गळ घातली होती. मामा म्हणाले, माझं गिऱ्हाईक सोनार, तो जोहरी बाजारातला, तो गूगलवर कशाला शोधेल, तो खिडकीतून हाक मारतो. नकाशावर दुकानाची खूण फुकट टाकता येते, व्हॉट्सॲपचं धंद्याचं ॲपही फुकट मिळतं; तेवढं केलं. उलट मनिहारांच्या रस्त्यावरची, लाखेच्या बांगड्या विकणारी एक बाई त्याच फुकट ॲपवर रोज सकाळी नव्या जोडांचे फोटो टाकते आणि पुण्या-नागपूरपर्यंत माल पाठवते. तिचा खर्च म्हणजे चांगला कॅमेरा असलेला एक मोबाइल आणि दुपारचं ऊन. तिला कुणी ‘डिजिटल परिवर्तन’ शिकवलेलं नाही, म्हणूनच बहुधा जमलं.

चारदीवारीतून घेण्यासारखं दुलई आणि घेवरशिवायही पुष्कळ आहे. यंत्र स्वस्त की महाग हा प्रश्न नंतरचा. ते रोज किती वेळा लागतं, त्याच्या मागे दरमहा काय काय लागतं, आणि ते बंद पडलं तर कोण येणार व किती वेळात येणार, हे आधी विचारावं. विकायला आलेल्याला पाणी द्यावं, चहा द्यावा, त्याच्याशी आदराने बोलावं, पण सही त्या दिवशी करू नये. ‘ऑफर आजच संपते’ असं तो म्हणाला तर संपू द्यावी. पुढच्या महिन्यात तीच ऑफर, बहुधा तोच माणूस, नव्या कंपनीचा पट्टा घालून येतो.

आणि तुमचं दुकान असो, दवाखाना असो, क्लास असो की पोळी-भाजी केंद्र, या महिन्यात एक काम जरूर करा. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट छापून घ्या, लाल पेन घ्या आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा. जी कशाची आहे हे तुम्हाला, तुमच्या मुलाला आणि तुमच्या हिशेबनिसाला मिळूनही आठवत नाही, ती बँकेला सांगून त्याच दिवशी बंद करा. धंद्याचं काही बिघडणार नाही. बिघडलं तर ते यंत्र तुम्हाला खरोखर लागत होतं, एवढं तरी कळेल, आणि मग ते परत घेताना घासाघीस करता येईल.